कीर्तनाच्या व्हिडिओत निरूपण दबते आणि गजर अंगावर येतो: आवाजाची पातळी कशी जुळवावी?

तांबडी माती (धागाकर्ता)

आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहातील कीर्तने मंडळाच्या यूट्यूब वाहिनीवर ठेवली जातात आणि त्यांच्या संकलनाचे काम माझ्याकडे आहे. चित्राविषयी फारसे कोणी बोलत नाही. तक्रार येते ती आवाजाची, आणि ती दरवेळी एकच असते. महाराज अभंगाच्या चरणाचा अर्थ उलगडून सांगत असतात तेव्हा शब्द नीट कळत नाहीत म्हणून ऐकणारा मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवतो आणि तेवढ्यात टाळ-मृदंगासह ‘विठोबा रखुमाई’चा गजर सुरू झाला की त्याला तो घाईघाईने खाली आणावा लागतो. दोन तासांच्या कीर्तनात हे सतत करावे लागत असेल तर माणसे ऐकणे सोडून देतात आणि त्यात त्यांचा दोष नाही.

मी दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती वापरतो. क्लिपवर उजवे बटण दाबून ‘नॉर्मलाइझ ऑडिओ लेव्हल्स’ निवडतो आणि लक्ष्य उणे १ डेसिबल ठेवतो (डिजिटल ध्वनीत शून्य ही सर्वांत वरची मर्यादा असते). तरीही आवाजात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. हा पर्याय नेमके काय करतो आणि कीर्तनासारख्या कार्यक्रमासाठी योग्य पद्धत कोणती, हे जाणकारांनी समजावून सांगावे अशी विनंती.

सांजवात

माझ्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण आहे आणि अडचण अगदी हीच आहे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

नादबिंदू

तुमचा पर्याय त्याचे काम अचूक करतो आहे. मात्र ते काम तुम्हाला हवे असलेले नाही. त्या चौकटीत पद्धत म्हणून ‘सॅम्पल पीक प्रोग्रॅम’ निवडलेली असेल तर सॉफ्टवेअर संपूर्ण क्लिपमधले सर्वांत उंच शिखर शोधते आणि ते उणे १ डेसिबलवर येईल एवढाच बदल सगळ्या क्लिपला सरसकट करते. कीर्तनात हे शिखर नेहमी टाळाचे असते. टाळाचा आघात काही मिलिसेकंदांचा असतो, पण लहरीच्या उंचीत तो माणसाच्या आवाजाच्या फार वर जातो. समजा तुमच्या मूळ ध्वनीत टाळाचे शिखर आधीच उणे २ वर आहे. मग सॉफ्टवेअर सगळा आवाज केवळ १ डेसिबलने वाढवून थांबणार. निरूपण ज्या तळाशी होते तिथेच राहते.

कान शिखरे मोजत नाही, तो काही काळाची सरासरी ऊर्जा जाणवून घेतो. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये बीएस.१७७० ही मापनपद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात ध्वनी आधी कानाच्या संवेदनेशी जुळणाऱ्या गाळणीतून जातो आणि मग त्याची सरासरी काढली जाते. तिचे एकक एलयूएफएस, ज्याला संकलक मंडळी बोलताना ‘लफ्स’ म्हणतात. युरोपातील प्रसारण संघटनेने २०१० मध्ये आर १२८ या शिफारशीने उणे २३ लफ्स ही पातळी ठरवली. यूट्यूबवर व्यवहारात उणे १४ लफ्सच्या आसपासची पातळी धरली जाते. तिच्याहून मोठ्या आवाजाचा व्हिडिओ तिथे खाली आणला जातो, पण लहान आवाजाचा व्हिडिओ वर उचलला जात नाही. म्हणजे दबलेला आवाज तसाच यूट्यूबवर अपलोड केला तर तो दबलेलाच राहणार.

त्याच चौकटीत पद्धत बदलून ‘आयटीयू-आर बीएस.१७७०-४’ निवडा आणि पाहा.

कडेपठार

नादबिंदू यांनी सांगितलेला सिद्धान्त बरोबर आहे, परंतु शेवटची सूचना एकटी पुरणार नाही. किंबहुना कीर्तनाच्या बाबतीत ती फसवी ठरू शकते. कारण थोडे तपशिलात सांगतो, कारण मेख तिथेच आहे.

बीएस.१७७० पद्धत ध्वनीचे ४०० मिलिसेकंदांचे एकमेकांवर चढलेले तुकडे पाडते. त्यांपैकी जे अगदी शांत आहेत, म्हणजे उणे ७० च्या खाली आहेत, ते आधीच वगळले जातात. उरलेल्यांची सरासरी काढून, त्या सरासरीच्या १० एककांहून अधिक खाली असलेले तुकडे दुसऱ्या फेरीत वगळले जातात. हेतू चांगला आहे: संवादांमधल्या शांततेमुळे सरासरी खोटी खाली जाऊ नये.

आता तुमचे कीर्तन घेऊ. सोयीसाठी धरू की दोन तृतीयांश वेळ निरूपण आहे आणि ते सलग उणे ३० लफ्सवर आहे, तर एक तृतीयांश वेळ गजर आहे आणि तो उणे १४ वर आहे. ऊर्जेची सरासरी काढली तर ती उणे १८.५ च्या आसपास येते, कारण गजराची ऊर्जा निरूपणाच्या सुमारे चाळीस पट आहे. त्याच्या १० एकके खाली म्हणजे उणे २८.५. निरूपण उणे ३० वर असल्यामुळे ते सगळेच्या सगळे मोजणीतून बाहेर जाते आणि मीटर तुम्हाला सांगतो: कार्यक्रम उणे १४ लफ्स, अगदी योग्य! ज्या निरूपणासाठी माणूस कीर्तन ऐकायला बसला त्याचा एक शब्दही त्या आकड्यात नसतो.

म्हणून माझे ठाम मत असे की संपूर्ण फाइलला एक आकडा लावून कार्यक्रमाच्या आतला असमतोल कधीही सुटत नाही. बोलण्याची पातळी स्वतंत्रपणे मोजायची, आधी ती बसवायची आणि बाकी सगळे तिच्या अनुषंगाने ठेवायचे. हे काम हाताने करावे लागते.

वीणेकरी

वरील सर्व वाचले. मला एक मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. कीर्तनात निरूपण आणि गजर यांच्यात फरक असतो, तो असायलाच हवा. महाराज एखादा दृष्टांत रंगवत हळू आवाजात शेवटाला आणतात आणि टाळकरी एकदम उचलतात, त्या उचलीतच सगळा आनंद साठवलेला असतो. तो सपाट केला तर व्याख्यान उरेल. मी वर्षानुवर्षे टाळकऱ्यांत उभा राहिलो आहे आणि हल्ली काही व्हिडिओंमध्ये गजर निरूपणाइतकाच बारीक करून ठेवलेला ऐकतो तेव्हा वाईट वाटते. मीटरसमोर बसलेल्यांनी हे लक्षात घ्यावे.

दूरदेशी

वीणेकरी यांच्या भावनेचा पूर्ण आदर आहे, पण ऐकणाऱ्याची बाजूही मांडतो. मी आयर्लंडमध्ये राहतो. कामावरून आल्यावर रात्री स्वयंपाक करताना कीर्तन लावतो, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे लहान मूल झोपलेले असते. मंडपात बसलेल्याला गजर मोठा वाटतो, पण निरूपणही त्याला ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट ऐकू येत असते. मला मात्र मोबाइलच्या बोटभर स्पीकरमधून ऐकायचे असते. तिथे १६ डेसिबलचा फरक म्हणजे एक तर शब्द गमवायचे किंवा गजराला आवाज बंद करायचा. प्रत्यक्षात मी दुसरेच करतो, म्हणजे जो आनंद जपायचा म्हणून फरक ठेवला तोच माझ्यापर्यंत पोहोचत नाही.

कडेपठार

वीणेकरी आणि दूरदेशी यांच्या म्हणण्यात मला विरोध दिसत नाही. फरक ठेवायचा आहे, पण तो १६ वरून ४ ते ५ एककांवर आणायचा आहे. चार एककांचा फरक कानाला स्पष्ट कळतो, गजर आला की तो वर आल्याचे जाणवते आणि हात मात्र आवाजाच्या बटणाकडे जात नाही. मी असे करतो:

फाइल टाइमलाइनवर टाकून निरूपण आणि गजर यांच्या सीमांवर काप देतो आणि गजराचे सगळे तुकडे खालच्या दुसऱ्या ट्रॅकवर सरकवतो. ध्वनी तोच, फक्त दोन ट्रॅकवर वाटलेला. मग निरूपणाच्या ट्रॅकला एकटे वाजवून फेअरलाइट या रिझॉल्व्हमधील ध्वनिकामाच्या पानावरच्या लाउडनेस मीटरवर त्याची पातळी पाहतो आणि क्लिपचा गेन (आवाजवाढीचे प्रमाण) वाढवून ती उणे १८ लफ्सच्या जवळ आणतो. तुमचे उदाहरण धरले तर ही १२ डेसिबलची वाढ झाली. गजर उणे १४ वर आहे तसाच ठेवायचा. एकूण कार्यक्रम मोजला तर उणे १६ च्या आसपास येईल आणि आता निरूपण त्या मोजणीत खरोखर धरलेले असेल.

निरूपणाच्या ट्रॅकवर हलका कॉम्प्रेसर (मोठे आवाज आपोआप दाबणारे साधन) लावतो, प्रमाण ३ ला १ पेक्षा अधिक नाही, आणि तोही एवढाच की सर्वांत जोरदार वाक्यांवर तीन-चार डेसिबल दाबले जावेत. शेवटी मुख्य बसवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे, लिमिटर (शिखरे ठरलेल्या मर्यादेवर रोखणारे साधन), उणे १.५ डेसिबलवर. अगदी उणे ०.१ वर ठेवू नये, कारण अपलोडनंतर ध्वनी पुन्हा संकुचित होताना शिखरे मूळ जागेहून थोडी वर जातात आणि टाळ फाटल्यासारखा येतो.

सांजवात

टाळकऱ्यांनाच थोडे हळू वाजवायची विनंती केली तर?

वीणेकरी

सांजवात, ती विनंती कृपया करू नये. मंडपातले कीर्तन मंडपातल्या लोकांसाठी असते, कॅमेऱ्यासाठी नाही. कडेपठार म्हणतात तसे चार-पाच एककांचे अंतर राहत असेल आणि गजराला हात लागत नसेल तर माझी तक्रार नाही. निरूपण वर यावे हे मलाही पटते.

मोजपट्टी

कडेपठार यांच्या पद्धतीत एक पायरी राहिली आहे आणि ती सर्वांत आधी करायची असते. निरूपण १२ डेसिबलने वाढवाल तेव्हा त्यामागची पंख्याची घरघर, जनरेटरचा आवाज आणि वायरिंगमधली गुणगुणही १२ डेसिबलनेच वाढेल. पातळी वाढवल्याने आवाज आणि गोंगाट यांच्यातले अंतर बदलत नाही. कॉम्प्रेसर लावल्यावर तर ते आणखी कमी होते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी गोंगाट कमी करणे, मग पातळी, मग कॉम्प्रेसर.

आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने गुणगुण ५० वर आणि तिच्या पटींत, म्हणजे १००, १५० वर सापडते. बोलण्याच्या ट्रॅकवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकणारी गाळणी बिनदिक्कत लावा. पण ही गाळणी गजराच्या ट्रॅकवर चुकूनही लावू नका. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा घुमारा नेमका त्याच पट्ट्यात असतो आणि तो गेला की राहतो तो उजव्या बाजूचा कोरडा टणत्कार. दोन ट्रॅक वेगळे करण्याचा हा आणखी एक लाभ आहे.

रेडिओप्रेमी

थोडे मूळ विषयाच्या कडेने. कार्यक्रम मध्यम आवाजात आणि जाहिरात मात्र दचकवणारी, हा अनुभव दूरचित्रवाणीवर सर्वांनी घेतला आहे. त्याचे कारण वर नादबिंदू यांनी सांगितलेलेच: शिखराची मर्यादा दोघांना सारखी होती, पण जाहिरातीचा ध्वनी दाबून दाबून सतत त्या मर्यादेला टेकलेला ठेवला जाई, त्यामुळे सरासरी ऊर्जा कितीतरी अधिक. अमेरिकेत यासाठी २०१० मध्ये कायदा झाला आणि डिसेंबर २०१२ पासून तो लागू आहे. आपल्याकडेही केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील जाहिरात संहितेत जाहिरातीचा आवाज प्रमाणाबाहेर मोठा नसावा अशी अट आहे. संकलन करणाऱ्यांनी प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला जोडली जाणारी शीर्षकधूनही याच दृष्टीने तपासावी. बऱ्याच वाहिन्यांवर ती धून मूळ कार्यक्रमापेक्षा फार मोठी असते.

नादबिंदू

कडेपठार यांनी दाखवलेली मोजणीची बाजू मान्य. कार्यक्रमात असा टोकाचा चढउतार नसेल, उदाहरणार्थ मुलाखत किंवा पाककृतीचा व्हिडिओ असेल, तर माझी सूचना पुरेशी ठरते. कीर्तनात नाही.

रिझॉल्व्हमध्ये काप दिलेल्या अनेक क्लिप एकत्र निवडून नॉर्मलाइझ करताना ‘रिलेटिव्ह’ आणि ‘इंडिपेंडंट’ असे दोन पर्याय येतात. ‘रिलेटिव्ह’मध्ये सर्व क्लिपना मिळून एकच बदल लागू होतो आणि त्यांच्यातले अंतर कायम राहते. ‘इंडिपेंडंट’मध्ये प्रत्येक क्लिप स्वतंत्रपणे लक्ष्यावर आणली जाते. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ध्वनिव्यवस्थेवर घेतलेली निरूपणे एका पातळीवर आणायला ‘इंडिपेंडंट’ उपयोगी पडतो. एकाच निरूपणाचे बारीक तुकडे करून तो वापरला तर मात्र महाराजांचे कुजबुजणे आणि गर्जना एकाच पातळीवर येतात, ते टाळावे.

शब्दसखी

विनामूल्य आणि हलके सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: शॉटकटमध्ये ‘नॉर्मलाइझ: टू पास’ ही गाळणी आहे. लक्ष्य मुळात उणे २३ लफ्स असते, ते आपल्याला हवे तसे बदलावे आणि ‘अॅनलाइज’ दाबायला विसरू नये, त्याशिवाय ती काहीच करत नाही. ‘वन पास’ ही दुसरी गाळणी वाजता वाजता पातळी बदलत राहते, त्यामुळे शांत जागी गोंगाट हळूहळू वर येताना ऐकू येतो. ऑडॅसिटीमध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हा परिणाम ‘नॉर्मलाइझ’पेक्षा वेगळा आहे, दुसरा केवळ शिखर पाहतो.

खडीसाखर

मला जुन्या कीर्तनांच्या खूप फाइली एकदम सुधारायच्या होत्या म्हणून एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरमधली लाउडनॉर्म ही पातळी जुळवणारी गाळणी वापरली. त्याविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ती दोन फेऱ्यांत चालवावी: पहिल्या फेरीत मोजणी, दुसऱ्या फेरीत ते मोजलेले आकडे देऊन प्रत्यक्ष बदल. आणि तरीही, मूळ ध्वनीतला चढउतार तुम्ही दिलेल्या मर्यादेहून मोठा असेल किंवा शिखर मर्यादा ओलांडत असेल, तर ती सरळ एकसारखी वाढ करण्याऐवजी क्षणोक्षणी पातळी बदलण्याच्या पद्धतीवर जाते. कीर्तनाच्या बाबतीत हे हमखास होते, कारण चढउताराची मुळातली मर्यादा ७ एकके आहे. या पद्धतीत बाहेर येणारी फाइल १९२ किलोहर्ट्झची होते, म्हणून आज्ञेत ४८००० (हर्ट्झ) हा नमुन्यांचा दर स्पष्ट लिहावा. जुन्या संग्रहासाठी एवढे पुरते. नव्या कामासाठी हाताने केलेले दोन ट्रॅकच चांगले.

तांबडी माती (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या कीर्तनावर कडेपठार आणि मोजपट्टी यांच्या क्रमाने काम करून पाहिले. निरूपण उणे १८ वर आले, एकूण उणे १६ च्या थोडे खाली, आणि मोबाइलवर एकाच पातळीवर पूर्ण ऐकता आले. दोन अडचणी उरल्या आहेत.

पहिली: मागे काही कीर्तने मोबाइलवर चित्रित झाली आहेत. त्यांत गजर थांबल्यावर निरूपणाची पहिली काही वाक्ये अगदी दबलेली येतात आणि मग आवाज आपोआप वर चढत जातो. दुसरी: महाराज कित्येकदा गद्यातून त्याच श्वासात अभंगाच्या चालीवर जातात आणि टाळ मागाहून येतात. तिथे काप नेमका कुठे द्यावा हे कळत नाही. दिला तर तो ऐकू येतो.

मोजपट्टी

पहिली अडचण मोबाइलच्या स्वयंचलित गेनची आहे. गजर आला की तो आवाज खाली ओढतो आणि गजर संपल्यावर हळूहळू सोडतो. झालेल्या फाइलीत त्या वाक्यांवर कीफ्रेम (पातळी कुठे किती असावी याच्या खुणा) देऊन उलटा उतार काढावा लागतो: पहिल्या शब्दाला सर्वाधिक वाढ आणि आवाज सावरेपर्यंत ती शून्यावर. पुढच्या वेळी शक्य असेल तर गेन हाताने ठरवता येणारे अॅप वापरा. त्याहून चांगले म्हणजे साउंडवाल्याच्या मिक्सरमधून ‘रेकॉर्ड आउट’ची वायर स्वतंत्र रेकॉर्डरला द्या आणि शिखरे उणे १२ च्या आसपास राहतील एवढीच पातळी ठेवा. मिक्सरमध्ये महाराजांचा आवाज स्वच्छ मिळतो. टाळकऱ्यांसमोर माइक नसल्याने टाळ त्यात कमी येतात, म्हणून कॅमेऱ्याचा ध्वनी फेकून न देता तो गजराच्या ट्रॅकसाठी वापरावा. असे केले की तुमचे दोन ट्रॅक मुळातच वेगळे मिळतात.

मिक्सरचा ध्वनी पुष्कळदा फक्त डाव्या बाजूला येतो. तो आधी दोन्ही बाजूंना द्या आणि मगच मोजा, कारण तोच ध्वनी दोन्ही बाजूंना गेला की मोजणी ३ एककांनी वाढते.

दूरदेशी

यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘स्टेबल व्हॉल्यूम’ असा पर्याय असतो, तो ऐकणाऱ्याच्या बाजूने चढउतार कमी करतो. तपासताना तो बंद करून ऐकावे, नाहीतर आपण केलेले काम किती आणि त्याने केलेले किती हे समजत नाही.

कडेपठार

दुसऱ्या अडचणीविषयी. गद्यातून चालीवर जाताना काप देऊच नका; तो भाग निरूपणाच्याच ट्रॅकवर राहू द्या. गाताना महाराजांचा आवाज स्वभावतःच चार-सहा डेसिबल चढतो, ती वाढ तशीच येऊ द्यावी, कारण ती खरी आहे. काप द्यायचा तो टाळाच्या पहिल्या ठोक्याच्या किंचित आधी. तिथे टाळाचा आघात बदल झाकून टाकतो. दोन तुकड्यांत अर्ध्या सेकंदाचा क्रॉसफेड (पहिला तुकडा विरत असताना दुसरा चढत येणे) ठेवा, म्हणजे मागचा गोंगाट एकदम तुटल्यासारखा वाटणार नाही.

परतीच्या वाटेवर उलटे करावे. गजर थांबल्यावर टाळाचा नाद विरत असतो आणि मंडपातले लोक सावरून बसत असतात. तिथे लगेच १२ डेसिबलची वाढ दिली तर तो विरणारा नाद पुन्हा वर उसळतो आणि ते फार विचित्र ऐकू येते. म्हणून क्रॉसफेड लांब, दोन-अडीच सेकंदांचा ठेवा आणि महाराजांच्या पहिल्या शब्दाच्या आधी तो पुरा होईल असा बसवा. महाराज लगेच बोलू लागले असतील तर पहिल्या शब्दापासून वाढ पूर्ण द्या आणि नादाच्या उसळीकडे दुर्लक्ष करा. अशा जागी शब्दाला प्राधान्य.